चाक अडकलं, तर?

गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याहून एका निवृत्त गुरुजींचा निरोप आला. त्यांची सून आणि सहा वर्षांची नात मे महिन्यात मुंबईहून विमानाने गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरणार आहेत. सुनेने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. चाकं न उघडलेलं विमान धावपट्टीवर पोटाने घसरतंय आणि मागे ठिणग्यांचा झोत. तेव्हापासून ती कोकणकन्येचं तिकीट मिळतंय का ते बघत बसली आहे. गुरुजींनी मला तीन गोष्टी विचारल्या. चाकं उघडलीच नाहीत तर वैमानिक काय करतो? शेजारी एवढा समुद्र पसरलाय, तर ‘मगे दर्यात कित्याक उतरवणत नाय?’ आणि खाऱ्या वाऱ्याने आमच्या खिडक्यांचे गज दोन पावसाळ्यांत पापुद्रे टाकतात, मग विमानाची चाकं गंजत नाहीत का?

मी चौतीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली. त्यातली बरीचशी लँडिंग गिअरच्या, म्हणजे विमानाची चाकं आणि ती धरणाऱ्या पायांच्या, खाली, मान वर करून, डोळ्यांत ग्रीस पडू नये म्हणून एक डोळा मिटून. तेव्हा उत्तर जरा लांबेल. आणि गुरुजी, तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात अस्सल आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गंजतात. अगदी तुमच्या गजांसारखी नाही, पण गंजतात. गिअरचे मुख्य भाग फार ताकदीच्या पोलादाचे असतात. साठ-पासष्ट टनांचं विमान उतरताना त्या दोन-तीन पायांवर येतं, तेव्हा साधं लोखंड चालत नाही. पण ताकदवान पोलादाचा स्वभाव विचित्र असतो. साधं लोखंड गंजलं तर हळूहळू झिजतं, वाकतं, आधी कळतं. या पोलादाला मात्र खसखशीएवढा खड्डा पडला तरी त्या खड्ड्याच्या तळातून तडा सुरू होऊ शकतो, आणि तडा आवाज न करता वाढतो. म्हणून त्यावर क्रोमचा किंवा कॅडमियमचा मुलामा, वर रंग, सांध्यांत ग्रीस. मुलामा कुठे खरवडला, ग्रीस कुठे सुकलं, की मीठ आत शिरलंच. वरून सगळं चकचकीत दिसतं. आपल्याकडे गेटला दर गणपतीला नवा रंग देतात आणि एक दिवस बिजागरीच हातात येते, तसं. विमान धुताना जोराच्या फवाऱ्याने सांध्यावर पाणी मारलं तरी हेच होतं. ग्रीस बाहेर, पाणी आत. नवीन पोरांना मी पहिला दम यावरूनच द्यायचो.

मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. एका हँगरात एका विमानाचा गिअर तपासणीला उघडला होता. एक बोल्ट नव्या ग्रीसमध्ये माखलेला, दिसायला नवाकोरा. मी पुसून बाजूला ठेवला. आमच्या उस्तादांनी तो उचलला, आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि एका जागी थांबले. नख अडकत होतं. भिंगातून पाहिलं तर आट्याच्या खोबणीत टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. बोल्ट रद्द. सुटा भाग यायला दोन दिवस लागले, विमान उभं राहिलं, वरच्या साहेबांनी आरडाओरडा केला. उस्ताद शांतपणे डबा खात बसले. मला त्या दिवशी वाटलं, एवढ्याशा ठिपक्यापायी एवढा तमाशा कशाला. पुढे दोन अपघातांचे अहवाल वाचले आणि ते नख आठवलं.

पहिला अपघात २८ डिसेंबर १९७८ चा, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान उतरायला आलं, गिअर खाली सोडला आणि उजवीकडे जोरात धप्प आवाज झाला, विमानाला हिसका बसला. उजव्या गिअरला वरखाली करणारा जो सिलिंडर असतो, त्याच्या पिस्टन रॉडच्या टोकाला कडीसारखं डोकं असलेला बोल्ट आट्यांवर बसवलेला असतो. ते आटेच गंजाने खाल्ले होते. रॉड सुटला आणि गिअर हळू उतरण्याऐवजी कोसळला. दुसरा ९ सप्टेंबर २००७ चा, डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गचा. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचं पंख्यांचं डॅश-८ क्यू-४०० विमान उतरलं आणि उजवा गिअर दुमडला. तीनच दिवसांनी त्याच कंपनीच्या त्याच जातीच्या दुसऱ्या विमानाला लिथुआनियात विल्नियसला तोच प्रकार. कारण? गिअर ओढणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरच्या, म्हणजे तशाच सिलिंडरच्या, रॉडचं टोक, आणि तिथले गंजलेले आटे. दोन वेगळ्या कंपन्यांनी बांधलेली विमानं, मध्ये जवळजवळ एकोणतीस वर्षं, आणि जागा तीच. आटा ही गंजाची आवडती जागा आहे. बारीक खोबणी, ओल टिकून राहते, आणि वरून नट बसला की दिसत नाही. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोपनहेगनला त्यांचं तिसरं विमान असंच उतरलं. त्याचं कारण मात्र वेगळं निघालं, एक भरकटलेली रबरी रिंग सिलिंडरात अडकली होती. पण तोवर कंपनीचा धीर सुटला होता, त्यांनी ती सगळी जातच ताफ्यातून काढून टाकली.)

म्हणून ठरावीक वर्षांनी किंवा ठरावीक उड्डाणांनंतर, जे आधी होईल तेव्हा, अख्खा गिअर विमानातून उतरवतात. मोठ्या विमानांत साधारण दहा वर्षांचा हिशेब धरतात. सगळे भाग सुटे करतात, मुलामा उतरवतात, डोळ्यांना न दिसणारे तडे चुंबकाने आणि रंगद्रव्याने शोधतात, पुन्हा मुलामा चढवून जोडतात. मधल्या काळात रोजची नजर असते. किनाऱ्यावरच्या विमानांना धुणं आणि ग्रीस जास्त वेळा. तुमचे गज कोणी दर दहा वर्षांनी उपटून तपासत नाही, हा फरक आहे.

आता पहिला प्रश्न. चाक वर असताना त्याला अपलॉक नावाचा एक आकडा धरून ठेवतो. वैमानिकाने चाकाच्या आकाराची मूठ असलेला दांडा खाली केला की आधी दारं उघडतात, आकडा सुटतो, आणि खरं सांगायचं तर पुढचं बरंचसं काम गिअरचं स्वतःचं वजनच करतं. हायड्रॉलिक तेलाचा दाब, बहुतेक विमानांत दर चौरस इंचाला ३००० पौंड, त्याला खाली रेटतो आणि शेवटी आधाराचा दांडा सरळ होऊन कुलूप बसतं. घडीच्या टेबलाचा पाय शेवटच्या इंचाला ‘खट्’ करून बसतो ना, तसं. तो खट् झाला तरच कॉकपिटमध्ये हिरवा दिवा. तीन पाय, तीन हिरवे दिवे.

दिवा आला नाही तर काय? घाबरण्याआधी विमान वर नेऊन एका जागी घिरट्या घालायला लावतात आणि छापील यादी उघडतात. हायड्रॉलिकच गेलं असेल तर पर्यायी सोय असते. बोईंग ७३७ मध्ये कॉकपिटच्या जमिनीत एका झाकणाखाली तीन कड्या असतात, एकेक ओढली की एकेक आकडा सुटतो. एअरबस ए-३२० मध्ये एक हँडल घड्याळाच्या काट्यासारखं तीन वेळा फिरवायचं. पंप मेला, तेल सांडलं, तरी गुरुत्वाकर्षण संपावर जात नाही. चाक पडतं. माझ्या कारकिर्दीत ‘चाक उघडलं नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक शेवटी दिव्याच्या, सेन्सरच्या किंवा त्याच्या वायरीच्या निघाल्या. कधी कधी वैमानिक टॉवरजवळून कमी उंचीवरून विमान नेतात आणि टॉवरवाले दुर्बिणीतून बघतात. त्याचा उपयोग अर्धाच. चाक खाली आहे ते दिसतं, कुलूप बसलंय का ते दिसत नाही.

सगळे उपाय करूनही एखादं चाक आलंच नाही, तर मग तसंच उतरतात. त्याआधी इंधन कमी करतात. मोठ्या विमानांना हवेत इंधन सोडून देता येतं. ए-३२० किंवा ७३७ ला ती सोय नाही, त्यांना फिरून फिरून जाळावं लागतं. २१ सप्टेंबर २००५ रोजी जेटब्लूच्या ए-३२० चं पुढचं चाक नव्वद अंशांत आडवं वळून बसलं होतं. विमान सुमारे तीन तास लॉस एंजेलिसच्या परिसरात फिरलं. विमानातले लोक समोरच्या टीव्हीवर आपलीच बातमी बघत होते! उतरताना वैमानिकाने नाक जमेल तितका वेळ वर धरलं, मग ते आडवं चाक खाली टेकलं, टायर जळाला, रिमची धातू घासत गेली, आणि विमान मध्यरेषेवर थांबलं. आत १४६ जण होते, कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

१ नोव्हेंबर २०११ ला पोलंडच्या लॉट कंपनीचं बोईंग ७६७ न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून वॉर्सॉला आलं. मधल्या हायड्रॉलिकचं तेल निघताच गळून गेलं होतं. पर्यायी सोय वापरली, तीही चालेना. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी २३१ जणांना घेऊन विमान सरळ पोटावर उतरवलं. सगळे सुखरूप. मला या गोष्टीत जास्त रस पुढच्या भागात आहे. विमान क्रेनने उचललं, एकाने आत जाऊन एक सर्किट ब्रेकर दाबला, आणि तिन्ही चाकं मुकाट खाली आली. कॉकपिटमध्ये खाली, जमिनीच्या जवळ असलेला तो ब्रेकर उडालेला होता आणि कोणाच्या नजरेला पडला नव्हता. आपल्याकडे लाईट गेली की आधी शेजारच्या घरात आहे का ते बघतो, मग आपल्या मीटरचा फ्यूज. तिथे फ्यूज बघायचा राहिला.

आता जे सांगायचंय ते सांगतो, कारण व्हिडिओत ते कधीच दिसत नाही.

पोर्टलंडच्या त्या डीसी-८ चं उजवं चाक खरं तर खाली होतं. कोसळताना त्याने स्वतःच्या दिव्याचा स्विच मोडला होता, एवढंच. पंखावर चाक खाली असल्याची खूण वर येते, तीही दिसत होती. पण कॅप्टन तासभर आकाशात फिरत राहिले. प्रवाशांची तयारी, चाकाची चिंता, पुन्हा चाकाची चिंता. इंधन संपत आल्याचं सोबतच्यांना दिसत होतं, त्यांनी आडून आडून सांगितलंही, पण ‘साहेब, आत्ता उतरा’ असं कोणी ठणकावलं नाही. एकामागून एक इंजिनं बंद पडली आणि विमान शहराच्या कडेला झाडांत, घरांत शिरलं. १८९ पैकी १० जण गेले. टाक्या रिकाम्या होत्या म्हणून आग लागली नाही, नाहीतर आकडा किती झाला असता कोण जाणे.

त्याच्याही सहा वर्षं आधी, २९ डिसेंबर १९७२ ला, अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न कंपनीचं ट्रायस्टार विमान. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. ऑटोपायलट लावून कॉकपिटमधली सगळी माणसं त्या बल्बमागे लागली. कोणाचा तरी धक्का दांड्याला लागला असावा, ऑटोपायलटने उंची धरून ठेवणं सोडलं, विमान हळूहळू खाली येत राहिलं आणि रात्रीच्या काळोखात दलदलीत घुसलं. १०१ माणसं गेली. बल्ब जळालेला होता. चाक खाली होतं, कुलूपही बसलेलं होतं.

बघा, जेटब्लू आणि लॉटच्या विमानांची चाकं खरोखर अडली होती, त्यांतलं कोणी दगावलं नाही, आणि पोर्टलंड-मायामीच्या ज्या दोन विमानांची चाकं खाली होती त्यांत १११ माणसं गेली. आम्हाला हे शिकवताना या घटना गिअरच्या वर्गात येत नाहीत, माणसांच्या वर्गात येतात. पोर्टलंडनंतरच वैमानिकांना ‘कॅप्टनला स्पष्ट सांगा’ हे रीतसर शिकवायला सुरुवात झाली. सुरुवात करणारीही तीच युनायटेड कंपनी, १९८१ मध्ये. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलू नये असं लहानपणापासून घोकवतात. गुरुजी, तुम्हीही घोकवलंत, मीही घोकलंय. कॉकपिटमध्ये ते विसरावं लागतं.

आणि माणूस चाक चक्क विसरूही शकतो. २२ मे २०२० ला कराचीत पाकिस्तानच्या पीआयए कंपनीचं ए-३२० फार उंचावरून, फार वेगात उतरायला आलं. चाकं आधी खाली केलेली, मग पुन्हा वर घेतली गेली. कॉकपिटमध्ये भोंगे वाजत होते, तरी ते विमान दोन्ही इंजिनांवर धावपट्टीला घासलं आणि पुन्हा उडालं. घासलेली इंजिनं थोड्या वेळात बंद पडली. ९९ पैकी ९७ जण गेले, जमिनीवरचंही एक माणूस गेलं. पोटावर टेकल्यावर तिथेच थांबले असते तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

आता दर्याचं. तुमच्या घराच्या ओसरीवरून समुद्र सपाट दिसतो, गुरुजी, पण ताशी २५० किलोमीटरने येणाऱ्या विमानाला तो सपाट नसतो आणि मऊ तर मुळीच नसतो. इंजिनं पंखाखाली लोंबतात, पाण्यात आधी तीच जातात. एक थोडं आधी बुडालं की विमान तिथल्या तिथे गरकन फिरतं. २३ नोव्हेंबर १९९६ ला इथिओपियन कंपनीचं ७६७ अपहरणात इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. आधी पंख टेकला, विमानाचे तुकडे झाले, १७५ पैकी १२५ माणसं गेली. हडसन नदीत १५ जानेवारी २००९ ला १५५ च्या १५५ वाचले हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती नदी होती, पाणी संथ होतं, बोटी हाकेच्या अंतरावर होत्या, आणि मुख्य म्हणजे दोन्ही इंजिनं गेल्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. चाक अडकलेल्या विमानाची इंजिनं चालू असतात. त्याला वेळ आहे, धावपट्टी निवडता येते. धावपट्टी कठीण असली तरी सरळ आहे, आणि कडेला अग्निशमनाच्या गाड्या उभ्या असतात. आपले मच्छीमारसुद्धा पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात. त्या दर्यात विमान घालायचं म्हणजे कमालच.

ठिणग्या भीतिदायक दिसतात, पण त्या बऱ्याचशा घासणाऱ्या धातूच्या असतात. आग लागते ती इंधन सांडलं तर. म्हणून गिअर बांधतानाच काही खिळी मुद्दाम कमजोर ठेवतात. फार आपटलं तर गिअर त्या खिळींवर तुटून वेगळा व्हावा, पंखातली टाकी फाडू नये, हा हेतू. दर वेळी तो साधतोच असं नाही. ५ मे २०१९ ला मॉस्कोत एरोफ्लोटचं सुपरजेट उतरताना उड्या मारत आपटलं, गिअर मोडून टाकी फुटली, ७८ पैकी ४१ जण आगीत गेले. आणि पोटावर उतरणंही पुढे मोकळी जागा असेल तरच निभावतं. २९ डिसेंबर २०२४ ला दक्षिण कोरियात मुआनला जेजू एअरचं ७३७, पक्षी इंजिनात गेल्यानंतर, चाकांशिवाय उतरलं आणि घसरत जाऊन धावपट्टीपलीकडच्या काँक्रीटच्या बांधकामावर आदळलं. १८१ पैकी दोघंच वाचले. आपल्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळी माळांवरच्या, विमानतळांकडे बघताना माझी नजर हल्ली धावपट्टीवर नाही, तिच्या टोकापलीकडे जाते. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी २५०० मीटर आहे, पण मी विचारतो तिच्यापुढे काय आहे.

सुनेला काय सांगायचं? विमान रद्द करू नका. उतरण्याच्या काही मिनिटं आधी पायाखालून घर्रर्र, मग वाऱ्याचा मोठा घोंगावा, मग धप्प असा आवाज येतो. बऱ्याच जणांना तोच आवाज बिघाडाचा वाटतो. तो चाकं बाहेर आल्याचा. तो ऐकू आला की उलट निवांत व्हायचं. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर, घट्ट. नातीचा पट्टा वेगळा. बसल्यावर पुढचं आणि मागचं दार किती ओळींवर आहे ते मोजून ठेवायचं, धुरात डोळ्यांना दिसत नाही, हाताला सीट मोजता येतात. आणि उठून पळायची वेळ आलीच तर बॅग तिथेच सोडायची. मॉस्कोत काही माणसं जळत्या विमानातून बॅगा घेऊन उतरताना दिसली होती, ते चित्र बघून माझ्यासारख्या माणसाच्याही तोंडून शिवी जाते.

मोपाला आणायला जाताना माझी जीप न्या. फक्त मागच्या उजव्या दाराची कडी जोराने ओढू नका, तिचा बोल्ट मीठ खाऊन बसलाय. या रविवारी बदलायचाय.